शाळा सुटण्याआधीची दोन वर्षं: मुलांची कामं मुलांच्या हाती कशी सोपवायची

शाळेच्या शेवटच्या दोन वर्गांना मी २२ वर्षं शिकवते आहे. निकाल लागला की सगळे गुण विचारतात. मी मात्र शाळा सुटून तीन महिने झाले की मुलांची चौकशी करते. सकाळी वेळेवर उठतोस का, कागदपत्रं कुठे ठेवली आहेस, काही अडलं तर कुणाला विचारतेस? गुणपत्रिका बघून या प्रश्नांची उत्तरं कळत नाहीत.

ही सवय मला एका चुकीमुळे लागली. वर्गातल्या एका हुशार मुलाचा प्रवेशअर्ज मीच भरून दिला होता. परीक्षा तोंडावर होती, त्याला वेळ नव्हता, मला सवय होती. अर्ध्या तासात काम झालं. पासवर्ड मी ठरवला, ईमेलही माझाच दिला. पुढे त्या संस्थेकडून निरोप आला की माहितीत तफावत आहे, ४८ तासांत दुरुस्त करा. तो निरोप माझ्या मेलवर आला. मी प्रवासात होते, तिसऱ्या दिवशी पाहिला. तोवर जागा गेली होती. पुढच्या फेरीत त्याला दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण त्याला हवा होता तिथे नाही. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "बाई, माझा पासवर्ड काय होता?"

त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक नव्हता. मी त्याला मदत केली असं समजत होते, आणि प्रत्यक्षात त्याचं काम त्याच्या हाती गेलंच नव्हतं. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: शाळेत असताना, आपण शेजारी उभे असताना, एकेक काम मुलांकडे सोपवायचं. शाळा सुटल्यावर शिकतीलच, असं म्हणून ते पुढे ढकलायचं नाही.

बहुतेक देशांत कायद्याने माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीलाच बालक म्हटलं आहे. आदल्या दिवशीपर्यंत सगळी पत्रं पालकांच्या नावाने येतात, दुसऱ्या दिवसापासून सही मुलाची लागते. पण त्या एका रात्रीत तो काही नवीन शिकलेला नसतो. म्हणून आपल्याला आधीची दोन वर्षं हाताशी धरायची आहेत.

सुरुवात एका कागदाने

मुलाला कोरा कागद द्या. गेल्या आठवड्यात त्याच्यासाठी जी जी कामं झाली ती डावीकडे लिहायला सांगा आणि प्रत्येकासमोर ते कुणी केलं त्याचं नाव. उठवणं, कपडे धुणं, जेवण बनवणं, फी भरणं, औषध आणणं, मोबाइलचं रिचार्ज, डॉक्टरांची वेळ घेणं, हरवलेली वही शोधणं, शिक्षकांना "तो आज येणार नाही" असं कळवणं. हे वर्गात करून घेऊ नका. एकमेकांच्या कागदात डोकावून मुलं खोटं लिहितात. घरी, एकट्याने करू द्या.

एका मुलीच्या कागदावर २३ कामं होती आणि १९ ठिकाणी "आई". ती कागद घेऊन माझ्यासमोर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, आई आजारी पडली की आमच्या घरी सगळं का थांबतं ते आज कळलं." मी तिला काहीच समजावलं नाही. कागदाने समजावलं होतं.

या यादीतून महिन्याला दोन कामं निवडायची, जास्त नाहीत. मुलांना उत्साहात एकदम दहा हवी असतात आणि पंधरा दिवसांत सगळी सुटतात. दोन घेतली तर दोन वर्षांत चाळीसहून जास्त कामं हातात येतात, आणि तेवढ्यात माणूस एकटा राहू शकतो. निवड मुलाने करायची. पहिलं काम सोपं असलं तरी चालेल, पण ते खरं हवं, म्हणजे त्याने केलं नाही तर खरोखर अडलं पाहिजे. सरावासाठी काढलेली खोटी कामं मुलं लगेच ओळखतात.

सोपवायचं कसं

माझे चार टप्पे ठरलेले आहेत. मी करते, तू बघ. आपण मिळून करू. तू कर, मी बघते. तू कर आणि झाल्यावर मला सांग. चौथ्या टप्प्यावर घाईने पोचायची गरज नाही, पण तिसऱ्यावर कायमचं थांबायचंही नाही. बहुतेक घरांत दुसऱ्या टप्प्यावरच गाडी रुतते, कारण मिळून केलं की काम पटकन उरकतं आणि सगळ्यांना बरं वाटतं.

१९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना शिकवणारा त्यांना कशी मदत करतो ते बारकाईने पाहिलं आणि त्या मदतीला "स्कॅफोल्डिंग" हा शब्द वापरला. स्कॅफोल्डिंग म्हणजे बांधकामाची परांची. मला हा शब्द फार आवडतो, कारण परांची पहिल्या दिवसापासून उतरवण्यासाठीच बांधलेली असते. कुठलाही आधार देताना मी मनात विचारते की हा कधी काढायचा. त्याचं उत्तर तारखेत देता आलं नाही, तर तो आधार मी देत नाही.

काम लांबलचक असेल तर शेवटाकडून शिकवायचं. विशेष मुलांना शिकवणारे शिक्षक ही पद्धत नेहमी वापरतात. अर्ज भरायचा असेल तर आधीचं सगळं तुम्ही करा आणि शेवटचं पान तपासून "सबमिट" दाबणं आणि पावती जपून ठेवणं मुलाला करू द्या. पुढच्या अर्जाला शेवटची दोन पानं त्याची. असं मागे मागे येत पहिलं पानही त्याचं होतं. यात मुलाला प्रत्येक वेळी काम पुरं झाल्याचं समाधान मिळतं. सुरुवातीपासून शिकवलं तर ते कंटाळतात आणि मधेच आपल्या हातात देतात.

एक फोन

सगळ्यात जास्त मुलं कुठे अडतात? फोनवर. दिवसभर मेसेज टाइप करणारी मुलं अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते म्हणतात. म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते.

एका मुलीला दंतवैद्याची वेळ बदलायची होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही कराल का फोन?" मी तिला रिकाम्या वर्गात घेऊन बसले आणि कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या. मी कोण. फोन कशासाठी. मला काय हवं. शेवटी, जे ठरलं ते परत म्हणून दाखवायचं. पहिल्या तीन ओळी तिने दोनदा मोठ्याने वाचल्या आणि नंबर लावला.

पलीकडून "थांबा हं" आलं आणि संगीत वाजायला लागलं. हे तिच्या कागदावर नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्या क्षणी आपण काही बोललो तर फोन आपला होतो. मग विचारणा झाली, "कोणत्या दिवशी जमेल?" हेही कागदावर नव्हतं. फोनवर हात ठेवून ती कुजबुजली, "बाई, काय सांगू?" मी तिचीच डायरी तिच्यापुढे सरकवली. तिने पानं उलटली, गुरुवार सांगितला, "हो, हो, थँक यू" म्हणून फोन ठेवला आणि सुटकेचा श्वास टाकला. मी विचारलं, "किती वाजता?" तिला आठवेना. चार की पाच? चौथी ओळ राहून गेली होती.

पुन्हा फोन करायला तिला दहा मिनिटं लागली. आधी म्हणाली, ते चिडतील. मग म्हणाली, उद्या करते. शेवटी केला. तो फोन एका मिनिटातच झाला. पलीकडच्या माणसाने "पाच वाजता, काही हरकत नाही" एवढंच सांगितलं. मला विचाराल तर ती शिकली ते या दुसऱ्या फोनने. आपली चूक घेऊन माणसाकडे परत जाता येतं आणि कुणी खात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, फोनआधी चालतील असे दोन दिवस लिहून घ्या, पेन हातात धरा, आणि विसरलात तर बेधडक परत फोन करा.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अशा वेळी शांतता भरून काढू नका. डॉक्टरांनी मुलाला "काय होतंय?" विचारलं की आई उत्तर देते. तीन सेकंद थांबा, पाच थांबा. मूल बोलतं. १५-१६ व्या वर्षापासून डॉक्टरांकडे निम्मी भेट तरी मुलाने एकट्याने करावी. आपण कोणतं औषध घेतो, किती आणि कशासाठी, कशाची ॲलर्जी आहे, हे त्याला न बघता सांगता आलं पाहिजे.

कागदपत्रं

एक जाड फोल्डर, मुलाच्या स्वतःच्या कपाटात. जन्माचा दाखला, ओळखपत्र, सगळ्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद, विमा असेल तर त्याचे कागद. प्रत्येकाचा स्कॅन दोन ठिकाणी, आणि फाइलला "स्कॅन००१" असं नाव न देता त्यात काय आहे ते लिहिलेलं.

फोल्डर तयार झाला की एका बैठकीत सगळे कागद शेजारी शेजारी मांडून नावं ताडून बघा. एकीकडे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, तिसरीकडे एक अक्षर कमी, असं फार आढळतं. जन्मतारखेचीही तीच गत. ही दुरुस्ती शाळेत असताना सोपी असते, कारण दाखला देणारं कार्यालय त्याच आवारात असतं. नंतर त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. ज्या अर्जापायी माझ्या विद्यार्थ्याची जागा गेली त्यातली तफावत नावातल्या एका अक्षराचीच होती.

सही ठरवून घ्या आणि ती अंगवळणी पडू द्या. ईमेल स्वतःचा, नाव साधं, पासवर्ड स्वतःचा, आणि तो विसरल्यास निरोप येईल तो नंबरही स्वतःचा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मला विचारलात तर मलाही नाही.

मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊन यायचं नाही. दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायचे. नोकरी देणारा ओळखपत्र स्वतःकडे ठेवून घ्यायला लागला तर तिथून बाहेर पडायचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची ११ लक्षणं सांगितली आहेत, त्यांत ओळखपत्रं अडकवून ठेवणं हे एक आहे आणि पगार अडवून ठेवणं हे दुसरं. याच संघटनेच्या १९९७ च्या करारात असंही तत्त्व आहे की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये. मुलांसाठी मी ते सोप्या शब्दांत सांगते: नोकरी मिळवण्यासाठी आधी पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते.

पैसे

यावर मी फार वेळ घालवत नाही. महिन्याची ठरावीक रक्कम, तिच्यातून ठरावीक खर्च त्याचे, आणि मधे संपली तर पुढच्या तारखेपर्यंत भर घालायची नाही. ही शेवटची अट पालकांना सगळ्यात जड जाते, आणि शिकवण सगळी त्या अटीतच आहे. व्याजासाठी मात्र एक हिशेब फळ्यावर करून दाखवते. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती काळात दुप्पट होते ते कळतं. महिना ३ टक्के ऐकायला किती किरकोळ वाटतं! ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. काहीच फेडलं नाही तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट. वर्ग गप्प होतो.

निर्णय कधी घ्यायचा

मुलं बेजबाबदार असतात असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. २०१९ मध्ये ११ देशांतल्या १० ते ३० वर्षं वयाच्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शांतपणे विचार करून तर्क लावायची क्षमता साधारण १६ व्या वर्षी मोठ्यांच्या बरोबरीला येते, पण आवेग आवरण्याची क्षमता १८ नंतरही वाढत राहते, असं त्यात दिसलं. वर्गात मी हेच पाहते. सकाळी शांतपणे विचारलं तर १७ वर्षांचा मुलगा आपल्याइतकाच नीट विचार करतो. रात्री मित्रांच्या गराड्यात, कुणी "आत्ताच सांग" म्हणालं की त्याचा तोल जातो.

म्हणून मुलांना एक वाक्य पाठ करायला लावते: "उद्या सांगतो." सही करायची असो, पैसे द्यायचे असोत, कुणाच्या गाडीवर बसायचं असो, नाहीतर रागाने शिक्षण सोडायचं असो, उत्तर उद्या. जो माणूस उद्यापर्यंत थांबायला तयार नाही, त्याला नाही म्हणायला हरकत नाही. आम्ही जोड्या करून याचा सराव करतो. एकाने गळ घालायची, दुसऱ्याने न चिडता तेच वाक्य तीनदा म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज बदलतो, ठाम होतो. तो बदल मुलांना स्वतःला ऐकू येतो.

झोपेचंही इथेच सांगते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते, त्याला आळस म्हणू नये. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. पण शाळेनंतर उठवायला कुणी नसणार, म्हणून शेवटच्या वर्षी सकाळची हाक बंद. गजर त्याचा, उशीर झाला तर शिक्षकांना तोंड द्यायचं तेही त्याने.

पुढे काय करायचं, हे कुणाला विचारायचं

मुलं आईवडिलांना आणि जवळच्या मित्रांना विचारतात. त्यांना जे माहीत असतं ते बहुधा मुलालाही माहीत असतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात बोस्टनच्या एका उपनगरातले आकडे दिले आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांना ती खबर नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली ते १६.७ टक्केच होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली असे ५५.६ टक्के, आणि क्वचित भेटणाऱ्यांकडून २७.८ टक्के. लांबच्या ओळखीच्या माणसाकडे आपल्याला ठाऊक नसलेलं जग असतं.

माझा गृहपाठ असा असतो: ज्या कामाचा विचार करतो आहेस ते काम रोज करणारा, घराबाहेरचा एक माणूस शोध. वीस मिनिटं माग. "हे क्षेत्र चांगलं आहे का?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर नेहमी हो किंवा नाही असतं. विचार, की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलंत? कशाचा कंटाळा आला? सुरुवातीला काय येत नव्हतं? जमलं तर एक अख्खा दिवस त्यांच्यासोबत काढ. एक मुलगा प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं म्हणत होता. दिवसभर एका दवाखान्यात बसून आला आणि म्हणाला, "बाई, निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो." त्याने बेत बदलला नाही, पण बोलायचा सराव सुरू केला.

ज्या मुलांना अपंगत्व आहे किंवा शिकायला वेगळी मदत लागते त्यांच्या बाबतीत हे सगळं लवकर सुरू करा, टप्पे लहान करा. त्यांच्याबद्दलच्या बैठकीत ते स्वतः हजर हवेत, आणि पहिलं वाक्य त्यांचं हवं, मग ते चित्राने सांगितलेलं असो की टॅबलेटवर. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात स्पष्ट आहे की निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार त्यांनाही इतरांइतकाच आहे आणि तो वापरण्यासाठी लागेल ती मदत त्यांना मिळाली पाहिजे. मदत निर्णय घ्यायला असते, त्यांच्या वतीने ठरवून टाकायला नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याने बैठकीत तीनच शब्द सांगितले होते, "सकाळी काम, बसने." आधी आम्ही सगळी मोठी माणसं त्याच्यासाठी घरबसल्या कामाचा बेत आखून बसलो होतो. तो बेत आम्ही त्याच दिवशी मोडला आणि पुढचे चार महिने त्याला बसचा एकच मार्ग शिकवला.

शाळा सुटल्यावर

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाबरोबर मी दोन तारखा ठरवते, एक दहाव्या दिवसाची आणि एक सहाव्या आठवड्यानंतरची. फोन त्याने करायचा. दहाव्या दिवशी सगळे सांगतात की मस्त चाललंय. तेव्हा सगळं नवं असतं. खरं बोलणं सहाव्या आठवड्यानंतर होतं. तोवर पहिली चाचणी झालेली असते किंवा पहिला पगार संपलेला असतो, नव्या ओळखी पातळ झालेल्या असतात, आणि घरी सांगायची लाज वाटत असते.

त्या फोनवर मी "कसं चाललंय?" विचारत नाही. काल रात्री जेवलास कुणाबरोबर? या आठवड्यात कुणाला मदत मागितलीस? कोणता कागद, कोणतं बिल तसंच पडून आहे? तिसऱ्याचं उत्तर आलं की म्हणते, मी फोनवर आहे, तू ते आत्ता उघड आणि मला वाचून दाखव. वाचून होईपर्यंत मी गप्प बसते. मग विचारते, "यावर तारीख कोणती आहे?" आणि तो कागदावर तारीख शोधायला लागतो.